धूळपाटी, टंकयंत्र आणि अंगठा

नोंद करण्याचे साधन हाताचे वय पाहून ठरवण्याची रीत महाराष्ट्रात संगणकापेक्षा फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत नवख्या मुलाला आधी धूळपाटी, म्हणजे बारीक धूळ पसरलेली लाकडी फळी, मिळे. तीवर चुकलेले अक्षर हाताने पुसता येई, आणि बोटे वळल्यावरच समोर कित्ता ठेवून बोरू हाती दिला जाई, कारण कागद महाग होता व शाईची चूक पुसली जात नसे. पुढे कारकुनीसाठी टंकयंत्र आले. शासकीय परीक्षेत मिनिटाला 30 मराठी शब्दांचा वेग गाठण्यासाठी करंगळीनेही कळ जोराने दाबावी लागे, त्यामुळे ते तरुण हातांचेच साधन ठरले.

वृद्ध व निरक्षर यांच्या वाट्याला अंगठा आला. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1858 मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, आणि 1877 मध्ये हुगळी येथे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेणे सुरू केले, जेणेकरून मृताच्या नावे दुसऱ्याने पैसे उचलू नयेत.

ठशाची हीच रीत पुढे रेशन दुकानापर्यंत पोहोचली. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात मराठी, माडिया-गोंडी, तेलुगू आणि पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली अशा भाषा नांदतात. अशा ठिकाणी कोणत्याही एका लिपीचा कळफलक सर्वांना सोयीचा ठरला नसता, तर अंगठ्याला लिपीच लागत नाही; म्हणून रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राची, म्हणजे ठसा आधारच्या नोंदीशी ताडून पाहणाऱ्या यंत्राची, निवड येथे वरकरणी अचूक वाटते. पण शाईचा ठसा पुसट आला तर कारकून तो पुन्हा घेई आणि समोरच्या माणसाला ओळखतही असे. यंत्राला फक्त रेषा दिसतात. धानाच्या रोवणीत, तेंदूपत्त्याचे पुडे बांधण्यात आणि लाकूडफाटा वाहण्यात आयुष्य गेलेल्या बोटांवरच्या या रेषा झिजतात, म्हातारपणी त्वचा कोरडी व सैल पडते, आणि धान्यावर ज्यांचा सर्वाधिक हक्क त्यांचाच ठसा यंत्र अनेकदा नाकारते.

बालकांच्या बाबतीत मात्र वयाचा विचार नियमातच आहे: पाच वर्षांखालील मुलाचे ठसे आधारसाठी घेतले जात नाहीत, आणि पुढे वयाच्या 5 व्या व 15 व्या वर्षी ते नव्याने नोंदवावे लागतात. वृद्धांसाठी बुबुळाची प्रतिमा किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक अंक, हे पर्याय नंतर पुढे आले. परंतु मोतीबिंदू वाढलेल्या डोळ्याची प्रतिमा काही वेळा नीट उमटत नाही, आणि ओटीपीला फोनही लागतो व जंगलातल्या गावात रेंजही.