जीर्णोद्धार आणि पाठचिकित्सा : एका जुन्या पिस्तुलाच्या निमित्ताने

'जीर्णोद्धार' या शब्दातील 'उद्धार' मोठा आश्वासक आहे. जीर्ण वस्तूला नवे रूप देणे हे पुण्यकर्मच होय, अशी धारणा त्यामुळे मराठी भाषकाच्या मनात सहज रुजते. युरोपात मात्र ही धारणा एकोणिसाव्या शतकातच वादग्रस्त ठरली. वास्तूचे पुनःस्थापन म्हणजे तिला अशा परिपूर्ण अवस्थेस नेणे, की जी कदाचित कोणत्याही काळी अस्तित्वात नव्हती, अशी भूमिका व्हिओले-ल-द्युक याने मांडली. जॉन रस्किनने त्याआधीच, १८४९ साली, अशा पुनःस्थापनेची गणना विध्वंसात केली होती. १८७७ साली विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, तीही याच विचारातून. हा वाद चर्च आणि राजवाडे यांच्यापुरता मर्यादित राहिला नाही. झिजलेले जुने पिस्तूल हौसेने दुरुस्त करणाऱ्या छांदिष्टाच्या टेबलावरही तो येऊन पोहोचला. जर्मन बनावटीच्या लूगर पिस्तुलाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

ह्यूगो बोर्खार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात सुधारणा करून गेऑर्ग लूगरने हे शस्त्र घडविले. गुडघ्याच्या सांध्याप्रमाणे वर दुमडणारी यंत्रणा हे त्याचे ठळक वैशिष्ट्य होय. स्विस सैन्याने १९०० साली, जर्मन नौदलाने १९०४ साली आणि जर्मन भूदलाने १९०८ साली त्याचा स्वीकार केला. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्याच्या यंत्ररचनेपेक्षा त्याच्या अंगावरील लेखन अधिक महत्त्वाचे वाटेल. लष्करी लूगरच्या मुख्य भागांवर पूर्ण अनुक्रमांक असतो, तर लहान भागांवर त्याच अनुक्रमांकाचे शेवटचे दोन अंक कोरलेले असतात. शिवाय निर्मितीचे वर्ष आणि तपासनिसांचे शिक्के असतात. काही पिस्तुलांवर पहिल्या महायुद्धातील निर्मितिवर्षाखेरीज '१९२०' असा दुसरा आकडाही आढळतो. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याची मर्यादा एक लाखावर आणली. त्यानंतर शासकीय मालकीची खूण म्हणून हा आकडा उमटविण्यात आला. एकाच पोलादी पृष्ठावर साम्राज्याची तारीख आणि प्रजासत्ताकाची तारीख शेजारी-शेजारी नांदते. पुसलेल्या लेखनावर नवे लेखन झालेल्या चर्मपत्राची आठवण व्हावी, असेच हे पृष्ठ आहे.

दोन्ही महायुद्धांनंतर अमेरिकी सैनिकांनी ही पिस्तुले विजयचिन्हे म्हणून घरी नेली. प्रारंभीच्या हौशी दुरुस्तीचा आदर्श चकचकीतपणा हा होता. गंज घासून काढावा, कडा गुळगुळीत कराव्यात, प्रसंगी निकेलचा मुलामा चढवावा, अशी ती रीत. फ्रेड डॅटिगचा लूगरविषयक ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९५९ साली हॅरी जोन्सचा 'लूगर व्हेरिएशन्स' आला. 'पाठभेद' ही संज्ञा ज्याच्या नित्य परिचयाची आहे, त्याला हे दुसरे शीर्षक अपरिचित वाटणार नाही. नमुन्यानमुन्यांतील भेदांची नोंद होऊ लागली, तसे पिस्तूल केवळ शस्त्र न राहता साधनग्रंथ बनले. घासलेल्या पृष्ठाबरोबर शिक्क्यांची धार जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो, हे संग्राहकांच्या ध्यानी आले.

मूळ काळसर निळी झिलई कशी चढविली जाई, हेही या संदर्भात लक्षणीय आहे. पोलादावर रासायनिक द्राव लावून त्याला मुद्दाम गंज चढू द्यायचा, उकळत्या पाण्यात त्या तांबूस गंजाचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करायचे, सुटा थर ब्रशने काढायचा आणि हा क्रम पुनःपुन्हा करायचा, अशी ती प्रक्रिया होती. जो गंज वस्तूचा शत्रू, तोच नियंत्रित रूपात तिचे कवच ठरे. घोडा आणि सुरक्षा-खटका यांसारखे काही लहान भाग उष्णतेने गवती पिवळ्या रंगावर आणले जात. १९३७ च्या सुमारास माउझर कारखान्याने क्षारांच्या उष्ण द्रावात बुडविण्याची नवी पद्धत स्वीकारली आणि लहान भागांचा हा पिवळा रंगही लोपला. त्यामुळे १९१७ च्या पिस्तुलाला अशा नव्या द्रावाची काळी झिलई देणारा हौशी कारागीर भिन्न काळांची सरमिसळ करतो. एकोणिसाव्या शतकातील लिपिकाने जुन्या पोथीतील अनवट रूपे आपल्या काळाप्रमाणे 'शुद्ध' करावीत, तसाच हा प्रकार होय.

याहून गंभीर प्रश्न आहे तो गहाळ भागाचा. तुटलेल्या खटक्याच्या जागी दुसऱ्या लूगरचा खटका बसविला की त्यावरील दोन अंक जुळत नाहीत. हे अंक खोडून जुळणारे अंक कोरण्याची लबाडी बाजारात सर्वपरिचित आहे. अशी वस्तू वापरण्यास अधिक योग्य होते असे नाही; ती केवळ अधिक 'एकसंध' दिसते. याउलट न जुळणारे अंक तसेच ठेवणारा कारागीर प्रक्षेप उघडा ठेवतो.

हीच नीती भारतीय पाठचिकित्सेने फार मोठ्या प्रमाणावर आचरली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनिश्चित पाठांखाली नागमोडी रेघ दिली आणि वगळलेला मजकूर टीपांत व परिशिष्टांत जतन केला. १९६६ साली पूर्ण झालेल्या या संहितेने आपली शंकास्थाने झाकली नाहीत. इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी यानेही १९६३ च्या आपल्या ग्रंथात, चित्रातील रिक्त जागा भरताना ती भर जवळून ओळखू यावी, असा आग्रह धरला.

भारतात अशा छंदाला कायद्याचे बंधन आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकी-पिस्तुलांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. जुनाट किंवा पुरातन मूल्याचे हत्यार दुरुस्तीनंतरही चालण्याजोगे नसेल, तरच त्याला या अधिनियमातून सूट मिळते. म्हणजे ज्याचा उद्धार शक्य नाही, तेच येथे निर्वेधपणे जपता येते. कायद्याचा हेतू अर्थातच सुरक्षिततेचा आहे. परंतु त्यामुळे जपणे आणि पुन्हा चालते करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे स्पष्ट होते.

लूगर हे माणसे मारण्यासाठी घडविलेले हत्यार होते. त्याची झीज, त्यावरील दुहेरी तारीख, परक्या पिस्तुलाचा खटका हे सारे त्या हिंसेच्या आणि पराभवाच्या इतिहासाचे उरलेले वाचन आहे. ते घासून टाकले की मागे राहते ती निष्पाप भासणारी शोभेची वस्तू. म्हणून झीज राखणे हा केवळ संग्राहकाच्या अभिरुचीचा प्रश्न नसून साक्ष राखण्याचा प्रश्न आहे. संहिता असो वा शस्त्र, 'उद्धार' करणाऱ्या हाताने आपली खूण मूळ खुणांपासून वेगळी ठेवली, तरच पुढच्या वाचकाला दोन्ही वाचता येतात.