दगड फोडणारे पाणी

दगड फोडायला सुरुंग लागतो, हे आम्हां खानदेशच्या लोकांना कुणी सांगायला नको. पहारीने, छिन्नीने आणि शेवटी सुरुंगाने काळा दगड उडवीत पाण्यापर्यंत जायचे, ही आमच्या आजोबांची रीत. पण दगड पाण्यानेही फुटतो. या करामतीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेचे नशीब पालटले आणि तिथल्या कित्येक गावांची झोपही उडवली. तिचे एक धाकटे भावंड आपल्या महाराष्ट्रात खेडोपाडीच्या हातपंपांवर मुकाट्याने राबते आहे. त्या दोघांची ही हकीकत.

थोरल्याची गोष्ट आधी. शेल नावाचा एक दगड आहे. चिखल थरावर थर साचून, युगानुयुगे दडपून तो होतो. लहानपणी ज्या दगडी पाटीवर आपण अक्षरे गिरवली तो याच शेलचा अधिक दाबलेला, अधिक भाजलेला अवतार. या दगडात गॅस असतो, पण कंजुषाच्या गाठीला पैसा असावा तसा, सुटत नाही. 1821 साली न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया गावी विल्यम हार्ट नावाच्या गृहस्थाने ओढ्यात बुडबुडे येताना पाहून सत्तावीस फुटांची विहीर खणली आणि त्या गॅसवर गावात दिवे लागले. आपल्याकडे तेव्हा पेशवाई बुडून तीनच वर्षे झाली होती! पुढे 1865 मध्ये कर्नल रॉबर्ट्सने तेलाच्या विहिरीत दारूचा बार उडवून दगड खिळखिळा करण्याची युक्ती काढली. ती लढाईतून परतलेल्या माणसाला सुचावी अशीच होती. दारूऐवजी दाबाखालच्या द्रवाने दगड चिरण्याचा पहिला प्रयोग 1947 साली कॅन्सासमध्ये झाला. तो फारसा साधला नाही. पण दोनच वर्षांत त्याचा रीतसर धंदा सुरू झाला.

शेलला मात्र कुणी नमवू शकत नव्हते. ते काम जॉर्ज मिचेल या टेक्सासच्या माणसाने अंगावर घेतले. बाप ग्रीस देशातून आलेला, तिकडे बकऱ्या राखणारा. मुलाने 1981 पासून टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये पैसा ओतला, लोक हसले. सोळा-सतरा वर्षांनी, 1998 च्या सुमारास, त्याच्या माणसांना सूत्र सापडले: घट्ट महागडे मिश्रण नको, पुष्कळसे पाणी, थोडी वाळू आणि किंचित रसायने. मैल-दीड मैल खाली हे पाणी प्रचंड दाबाने घुसवले की दगडाला चिरा पडतात, वाळूचे कण त्या चिरा मिटू देत नाहीत आणि गॅस वर येतो. पुढे विहीर खोल जाऊन आडवी वळवण्याची कला तिला मिळाली आणि मग काय, जणू कुबेराचे दार उघडले.

या दाराची किंमत पाण्यात मोजायची असते. एका विहिरीला पन्नास लाख लिटरपासून काही कोटी लिटरपर्यंत पाणी जाते. त्यातले बरेचसे खालीच राहते. जे परत येते ते खारट, रसायनांनी बिघडलेले. ते टाकायचे कुठे? ओक्लाहोमात ते, आणि तेलाबरोबर वर येणारे खारे पाणीही, खोल जमिनीत ढकलून देत गेले. तिथे पूर्वी वर्षाकाठी जाणवण्याजोगे एक-दोन धक्के बसत. 2015 साली तीन रिश्टरच्या वरचे धक्के नऊशेच्या घरात गेले. 3 सप्टेंबर 2016 रोजी पॉनी गावाजवळ 5.8 चा भूकंप झाला. फ्रान्सने 2011 मध्येच या पद्धतीवर बंदी घातली होती. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: या गॅसने अमेरिकेत कोळशाची कितीतरी धुराडी विझवली.

आपल्याकडे 2011 साली दुर्गापूरजवळ आणि 2013 साली भडोच जिल्ह्यात जंबुसरला सरकारी कंपनीने अशा विहिरी घेतल्या. मोठे घबाड हाती लागले नाही. पण अमेरिकेचा गॅस मात्र कोकणात उतरला. 30 मार्च 2018 रोजी त्याचे पहिले जहाज दाभोळला लागले.

आता धाकटे भावंड. त्याचे नाव जलभंजन. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक आटत चाललेल्या विंधण विहिरीत रबरी बूच उतरवतात, ते पक्क्या दगडात घट्ट बसवतात आणि त्याखाली जोराने पाणी दाबतात. दगडातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात आणि पुष्कळदा हातपंप पुन्हा बोलू लागतो. रसायन नाही, पाणीही बेताचेच.

ही माहिती मी वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, मंग आपल्या बोअरलाबी दाब देऊ ना!" त्याच्या बापाने त्या वर्षी केळीसाठी तिसरी बोअर घेतली होती. मी फळ्यावर सातपुडा काढला, खाली तापी काढली. पायथ्याला गोटे-वाळूची पट्टी, तिथे नाल्यांचे पाणी मुरायचे. पुढे तापीकाठचा खोल गाळ. या गाळात फोडायला दगडच नाही. आणि जिथे काळा दगड आहे तिथेही भेग रुंद केल्याने पाणी जन्मत नाही. शेजारच्या भेगेतले ते इकडे येते, एवढेच. मुलगा गप्प झाला. मलाही पुढे बोलवेना, कारण शेजारच्या विहिरीचा मालक त्याचा चुलताच होता.

केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत रावेर आणि यावल हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून नोंदले गेले. याच सातपुड्याच्या पायथ्याला आमच्याहून थोडेसे वर बऱ्हाणपूर आहे. तिथे 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, इराणी जाणकाराने डोंगरातले मुरलेले पाणी भुयाराने शहरात उतरवले. शंभरावर कुंड्या, सुमारे ऐंशी फूट खोल, मोट नाही की पंप नाही. पाणी उताराने आपले आपण वाहते. डोंगर देईल तेवढेच घ्यायचे, अधिक मागायची सोयच त्या रचनेत ठेवलेली नाही. चारशे वर्षांनंतरही कुंडी भंडाऱ्यात पाणी आहे.

आता त्याच पायथ्याच्या गोटे-वाळूत तापीचे पाणी मुरवण्याच्या मोठ्या योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात 10 मे 2025 रोजी भोपाळला झाला. आमच्या बाजारात तिची चर्चा चालते. गेल्या आठवड्यात केळीच्या गाडीवर बसलेला एक म्हातारा विचारत होता, "पाणी जमिनीत घालतील ते खरं, पन त्याच्यावर कितीजन बोअर घालतील, ते कोन मोजनार?"