आर्जांतॉयच्या पाण्यावरील शिडे

फ्रेंच चित्रकार क्लोद मॉने 1871 च्या अखेरीस पॅरिसच्या वायव्येस, सीन नदीकाठच्या आर्जांतॉय या गावी राहावयास गेला. 'आर्जांतॉय येथील रेगाटा' हे त्याचे तैलचित्र सुमारे 1872 मधील होय. रेगाटा हा शब्द अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नौकास्पर्धांमुळे पुणेकरांना परका नाही. चित्रात मात्र शर्यतीची धावपळ फारशी दिसत नाही. पांढरी शिडे, काठावरची घरे, झाडी आणि खालच्या अर्ध्या भागात पाणी, एवढाच त्याचा ऐवज. आकारही अवघा 48 बाय 75 सेंटिमीटर.

या चित्राचे सारे सामर्थ्य त्या पाण्यात आहे. शिडांची व घरांची प्रतिबिंबे मॉनेने रुंद, आडव्या, एकमेकांत न मिसळलेल्या फटकाऱ्यांनी रंगविली. जवळून पाहावे तर रंगाचे तुकडे. चार पावले मागे सरावे तर पाणी हलू लागते. वस्तूचे तपशील न रंगविता तिच्यावरील प्रकाशाचा क्षणिक प्रत्यय टिपावयाचा, या पद्धतीला पुढे दृक्‌प्रत्ययवाद म्हटले गेले. ते नाव 1874 मध्ये मॉनेच्याच दुसऱ्या एका चित्राची खिल्ली उडविताना रूढ झाले. नळीतून मिळणाऱ्या तयार रंगांमुळे उघड्यावर काम करणे सुलभ झाले होते. मॉनेने तर होडीतच चित्रशाळा थाटली; त्या होडीत बसलेल्या मॉनेचे चित्र एदुआर मानेने 1874 मध्ये काढले.

हडपसरकरांना येथला भूगोल ओळखीचा वाटेल. मुळा-मुठा जशी शहर ओलांडून मुंढवा, मांजरीकडे येते, तसेच आर्जांतॉयही पॅरिसच्या खालच्या अंगाला आहे. पॅरिसचे सांडपाणी वाहून नेणारा मुख्य नाला वरच्या बाजूस आस्निएर येथे सीनमध्ये सोडलेला होता. समोरच्या जेनव्हिलिए येथील मळ्यांना ते पाणी देण्याचे प्रयोगही त्याच सुमारास सुरू झाले. चित्रातल्या निळाईत याची चाहूलही लागत नाही. मॉनेने ते टाळले, असा आरोप करता येईल. परंतु प्रकाश मलिन पाण्यावरही तसाच पडतो, हेही खरेच. 1878 मध्ये त्याने आर्जांतॉय सोडले.

हे चित्र ग्युस्ताव्ह कायबोत या चित्रकार मित्राच्या संग्रहात होते. कायबोत स्वतः शिडाच्या नौकांचा निष्णात आरेखक होता. 1894 मध्ये त्याच्या निधनानंतर मृत्युपत्रान्वये संग्रह फ्रेंच सरकारकडे आला. संग्रहातील बरीच चित्रे त्या वेळी नाकारली गेली. हे स्वीकारले गेले. सध्या ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.