पाण्यातले डोंगर आणि कोळशाचा किनारा

व्हिएतनाम म्हटले की आपल्यापुढे लढाई उभी राहते. आणि अलीकडे सहलीच्या जाहिरातींमुळे हिरव्या पाण्यातून वर आलेले डोंगरही. ते डोंगर ज्या प्रांतात आहेत त्याचे नाव क्वांग निन्ह. देशाच्या ईशान्य टोकाला, चीनच्या सरहद्दीला लागून, टोंकिनच्या आखातावर तो पसरला आहे. त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. आमचे आयुष्य कामगारांत गेले, तेव्हा आमची नजर डोंगरावरून घसरून कोळशाकडे जाईल, हे आधीच सांगून टाकतो.

हा लाँग म्हणजे उतरता ड्रॅगन. शत्रूची गलबते चालून आली तेव्हा ड्रॅगन आकाशातून उतरला आणि त्याने तोंडातून टाकलेल्या रत्नांची बेटे झाली, अशी तिकडची कथा. भूगर्भशास्त्र म्हणते, हा पंचवीस कोटी वर्षांहून जुना चुनखडीचा खडक. पावसाने तो झिजवला, आणि सात-आठ हजार वर्षांपूर्वी समुद्र चढून दऱ्यांत शिरला. माथे तेवढे वर राहिले, ती सुमारे १६०० बेटे. १९९४ मध्ये युनेस्कोने या उपसागराला जागतिक वारसा ठरवले.

प्रांताच्या पश्चिम कडेला बाख डांग नदी आहे. टोंकिनच्या आखातात बहुधा दिवसातून एकदाच भरती येते व एकदाच ओहोटी लागते. एवढ्या एका गोष्टीवर या नदीने दोन आक्रमणे परतवली. ९३८ मध्ये न्गो क्वेनने नदीच्या तळात टोकदार लाकडी खुंट रोवले, ते भरतीत दिसेनासे झाले. चिनी आरमार आत ओढले गेले आणि पाणी उतरताच अडकले. १२८८ मध्ये त्रान हुंग डाव याने तीच युक्ती कुब्लाई खानाच्या आरमारावर चालवली. परंतु सेनापतीच्या नावाखाली एक गोष्ट झाकली जाते. मंगोल फौज माघारी का वळली होती? तर त्याआधी याच किनाऱ्यावर, वान डोनजवळ, त्रान खान्ह यू याने तिची धान्याची जहाजे बुडवली होती. उपाशी सैन्य परत निघाले आणि खुंटांवर येऊन आदळले. ज्याने कधी संप चालवला आहे त्याला चुलीचे हे महत्त्व निराळे समजवावे लागत नाही. आणि चिखलात उतरून ते ओंडके रोवणाऱ्यांची नावे कोणत्या बखरीत आहेत? ओंडके मात्र नदीकाठच्या चिखलात सापडले आहेत.

वान डोन हे ११४९ मध्ये उघडलेले व्यापारी बंदर. येन तू डोंगरावर राजा त्रान न्हान तोंग हा मंगोलांना हरवून, गादी सोडून भिक्षू होऊन राहिला. यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे; आम्ही पुढे जातो.

हाँ गाय गावाच्या कडेला समुद्रालगत बाय थो, म्हणजे 'कवितेचा', डोंगर आहे. १४६८ मध्ये राजा ले थान तोंग आरमार घेऊन इथे आला, देखावा पाहून त्याने कविता रचली आणि ती कड्यावर कोरवली. त्याच डोंगरावर १ मे १९३० रोजी खाणकामगारांनी लाल बावटा लावला.

मधल्या काळात कोळसा निघाला होता. १८४० मध्ये सम्राट मिन्ह मांगच्या राजवटीत डोंग त्रियूजवळ खाणकामाला परवानगी मिळाली. १८८८ मध्ये फ्रेंचांनी टोंकिन कोळसा कंपनी काढली आणि हाँ गाय, काम फा या पट्ट्यात खाणी पसरल्या. कोळसा उत्तम जातीचा, अँथ्रासाइट; तो जहाजांनी परदेशी जाई. माणसे येत ती तांबड्या नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यांतून, शेत नसलेली किंवा कर्जात बुडालेली. त्यांना आणणाऱ्या मुकादमाला 'काय' म्हणत. मजुरीतला वाटा तो आधी कापून घेई. मुंबईच्या गिरण्यांतल्या जॉबरची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. कोळसा निवडायला बायका आणि पोरे असत.

१९३६ मध्ये फ्रान्समध्ये पॉप्युलर फ्रंटचे सरकार आले, वसाहतींतही आशा निर्माण झाली. १२ नोव्हेंबरला काम फाच्या कामगारांनी काम थांबवले. बघता बघता संप हाँ गायपर्यंत पोहोचला. तीस हजारांहून अधिक माणसे त्यात होती. त्यांची घोषणा दोनच शब्दांची: शिस्त आणि एकजूट. घोषणेत शिस्त आधी यावी, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. भडकलेली गर्दी फोडायला मालकाला वेळ लागत नाही. शांत बसलेली फोडायला लागतो. अखेर कंपनीला मजुरी वाढवावी लागली. १२ नोव्हेंबर हा तिथल्या खाणकामगारांचा परंपरेचा दिवस म्हणून आजही पाळला जातो.

२५ एप्रिल १९५५ रोजी फ्रेंच सैन्य हाँ गाय सोडून गेले. १९६३ मध्ये दोन भाग जोडून आजचा प्रांत झाला. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्टला, अमेरिकन विमानांनी हाँ गायवर बाँब टाकले. त्या दिवशी पाडलेल्या एका विमानाचा वैमानिक याच उपसागरात पकडला गेला आणि १९७३ मध्ये सुटला.

आज देशाचा बहुतेक कोळसा याच प्रांतातून निघतो, आणि त्याच किनाऱ्यावर प्रवाशांच्या बोटी लागतात. २०१५ च्या जुलैत अतिवृष्टीने खाणी पाण्याने भरल्या, राडारोडा वस्त्यांत शिरला, माणसे दगावली. त्याच्या आदल्या वर्षी, उपसागराचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून, तरंगत्या गावांतल्या कोळ्यांना किनाऱ्यावर घरे देऊन हलवण्यात आले. मुलांना शाळा मिळाली, वादळाची भीती गेली, हे खरे. पण मासे पाण्यात राहिले आणि कोळी जमिनीवर; रोज बोट घेऊन जुन्या जागी जाण्याचे तेल कोणी द्यायचे, हा हिशेब त्या घरांबरोबर आलाच.