केटलेचें मान व त्याचा मूळ हेतु

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून येणारा अंक हल्लीं आरोग्याचें माप म्हणून सर्वत्र चालतो. त्याचें मूळ मात्र वैद्यकांत नाहीं. ब्रुसेल्सचा ज्योतिषी अडॉल्फ केटले यानें १८३५ सालच्या आपल्या ग्रंथांत, प्रौढांचें वजन सुमारें उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें, असें नमूद केलें. त्यास समुदायांतील 'मध्यम मनुष्य' शोधावयाचा होता. एकट्याची प्रकृति पाहणें हा त्याचा हेतु नव्हता. १९७२ सालीं ॲन्सेल कीज व त्याचे सहकारी यांनीं पांच देशांतील सुमारें ७४०० जणांच्या मापांवरून हेंच मान पसंत करून त्यास आजचें नांव दिलें. ते सर्व पुरुष होते! जमाबंदीच्या कागदावरून वंशावळ ठरविणाऱ्यास आम्ही हंसतों. येथेंही प्रकार तोच.

या अंकास मांस व मेद यांतील भेद कळत नाहीं. पुण्याचे डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें स्वतःचेंच उदाहरण छापलें. दोघांचाही अंक २२.३, परंतु मेद युडकिन यांच्या शरीरांत शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियाई लोकांनीं २५ ची वाट न पाहतां २३ पासूनच सावध व्हावें, असें सुचविलें.

चरकानें सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलाचीं लक्षणें देतांना हालणारें उदर सांगितलें, व निरोगी पुरुषाच्या वर्णनांत सम मांस, दृढ इंद्रियें आणि भूक-तहान सोसण्याची शक्ति सांगितली. अंक दिला नाहीं. यावरून आधुनिक मेदविचार चरकास ठाऊक होता असें मात्र कोणीं म्हणूं नये.