नाकी नऊ येणे

नाकी नऊ येणे : मराठी वाक्प्रचार. अर्थ : एखादे काम उरकताना किंवा कुणाचा जाच सोसताना पार थकून जाणे, जेरीस येणे. प्रयोजक रूप ‘नाकी नऊ आणणे’. श्वास संपत आल्याचे चित्र त्यात असले, तरी नुसती धाप लागलेल्या माणसाबद्दल तो वापरत नाहीत. जिना चढून वर आलेल्याला दम लागतो, त्याचा ऊर धपापतो. नाकी नऊ येतात ते लग्नघरात महिनाभर राबणाऱ्या यजमानाच्या, एका दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्याच्या, दिवसभर द्वाड नातवाच्या मागे धावणाऱ्या आजीच्या. या थकव्याला वेळ लागतो. तोंडचे पाणी क्षणात पळते, छातीत क्षणात धस्स होते; नाकी नऊ असे अचानक येत नाहीत.

वाक्प्रचारातले ‘नाकी’ हे रूप जुने आहे. आज आपण ‘नाकात’ म्हणतो. पूर्वी ‘नाकीं’ असे अनुस्वार देऊन लिहीत, कारण ती जुन्या मराठीतली सप्तमी. ‘घरी’, ‘दारी’, ‘गळी’ या रूपांत ती अजून टिकून आहे. बोलण्यातली सप्तमी बदलली तरी हा शब्दबंध बदलला नाही, यावरून तो बराच जुना असावा असे मानायला जागा आहे.

खरा प्रश्न आहे तो ‘नऊ’चा. नऊ म्हणजे काय? सर्वांत प्रचलित उत्तर नवद्वारांचे आहे. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि मलमूत्र विसर्जनाच्या दोन वाटा मिळून देहाची नऊ दारे होतात. देह म्हणजे नऊ दारांचे नगर ही कल्पना अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात आहे, श्वेताश्वतर उपनिषदात आहे आणि गीतेच्या पाचव्या अध्यायातही आहे. कठोपनिषद अकरा दारे मोजते. मराठी मनात मात्र कीर्तन-प्रवचनांतून नऊ हाच आकडा रुजला. एरवी सगळ्या दारांत वावरणारी जीवशक्ती माणूस मेटाकुटीला आला की नाकाशी गोळा होते आणि आता निघून जाणार असे वाटते, अशी ही उपपत्ती आहे.

यात व्याकरणाचा एक दुवा सहसा लक्षात घेतला जात नाही. आपण ‘नाकी नऊ आले’ असे म्हणतो, ‘नऊ आली’ असे म्हणत नाही. द्वार हा शब्द नपुंसकलिंगी आहे, तेव्हा द्वारे अभिप्रेत असती तर क्रियापद ‘आली’ झाले असते. ‘आले’ जुळते ते ‘प्राण’ किंवा ‘वायू’ या पुल्लिंगी शब्दांशी. हा पुरावा निर्णायक नाही, कारण ‘नऊ वाजले’ म्हणतानाही नुसत्या संख्येला आपण पुल्लिंगी अनेकवचन लावतोच. तरीही तो अर्थाशी चांगला जुळतो, कारण नाकाशी दारे येत नाहीत, येतात ते प्राण.

इथून आणखी एक शक्यता पुढे येते. योगग्रंथांत देहातले वायू दहा सांगितले आहेत : प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पाच मुख्य आणि नाग, कूर्म, कृकल, देवदत्त, धनंजय हे पाच उपप्राण. त्यांतला धनंजय मृत्यूनंतरही देह सोडत नाही असे हठयोगाची परंपरा मानते. म्हणजे बाहेर पडणारे वायू उरतात नऊ. हिशेब नेटका आहे. पण लोकांच्या तोंडी रुळलेला वाक्प्रचार योग्यांच्या इतक्या बारीक गणितातून निघाला असेल असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. नऊ दारांतले प्राण नाकाशी येणे हेच मूळ अधिक पटते.

या मताला बळ मिळते ते शेजारच्या भाषांतून, आणि हा शेजार सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या पट्ट्यात ठळक दिसतो. हजीरा तापीच्या मुखाशी, सुरतेच्या पश्चिमेला आहे. आज हजीऱ्यात बंदर, पोलाद आणि खताचे कारखाने आणि नैसर्गिक वायूचे मोठे केंद्र आहे. सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी भाषकांची दाट वस्ती आहे. 1900 च्या सुमारास पूर्ण झालेल्या सुरत–अमळनेर लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसांची ही वाट सोपी केली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. त्यामुळे या पट्ट्यात एकाच पाळीवर तीन भाषा बोलणारी माणसे भेटतात. मराठी माणूस म्हणतो ‘नाकी नऊ आले’, गुजराती म्हणतो ‘नाके दम आव्यो’, हिंदी भाषक म्हणतो ‘नाक में दम हो गया’. गुजरातीतले ‘नाके’ मराठीतल्या ‘नाकी’सारखेच सप्तमीचे रूप आहे. जिथे मराठीत ‘नऊ’ आहे, तिथे या दोन्ही भाषांत ‘दम’ आहे, आणि दम म्हणजे फारसीत श्वास. मराठीनेही तो शब्द ‘दमा’, ‘बेदम’, ‘दम धरणे’ यांत घेतला आहे. ‘नाकात दम आणणे’ हे रूपही मराठीत ऐकू येते. श्वास किंवा प्राण नाकापाशी येऊन ठेपणे हा तिन्ही भाषांचा समान गाभा दिसतो. फारसीत जीव ओठांवर येतो, मराठीत प्राण कंठाशी येतात. जागा बदलली तरी देह सोडायच्या उंबरठ्यावरची अवस्था तीच आहे.

अर्थाची सीमाही हजीऱ्यात नीट दिसते. समुद्रातल्या दक्षिण वसई क्षेत्रातून इथे येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो इथे वेगळा काढला जातो. हा विषारी वायू जास्त प्रमाणात असला तर आधी वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणून अशा कामात वासावर विसंबू नये, मापकयंत्रावर भरवसा ठेवावा असे शिकवतात. अशा खऱ्या धोक्याला मराठीत गुदमरणे, घुसमटणे, दम कोंडणे हे शब्द आहेत. तिथे कोणी ‘नाकी नऊ आले’ म्हटले तर ते विसंगत वाटेल. पाळीमागून पाळी करून घर गाठणारा कामगार मात्र तेच म्हणेल, आणि ते चपखल असेल.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चे दोन भाग 1942 आणि 1947 मध्ये निघाले. त्यानंतर महाराष्ट्राबाहेरच्या मराठीत, विशेषतः सुरतेसारख्या बहुभाषक शहरात, वाक्प्रचारांची देवघेव कितीतरी वाढली आहे. तिथल्या मराठी शाळांतील शिक्षकांनी मुलांच्या घरी बोलले जाणारे असे प्रयोग ऐकावेत, वाक्यासकट टिपून ठेवावेत आणि कोशकारांपर्यंत पोहोचवावेत.