समेटाचे ख्रिस्ती शास्त्र आणि कुंडलिकेचे मुख

१. विषय
रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. या मुखावरची पोर्तुगीज सत्ता १७४० च्या तहाने संपली व मुखाजवळचे चौल मराठ्यांकडे आले. कोर्लईचे ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले. त्यांची पोर्तुगीज वळणाची क्रिस्ती बोली आजही टिकून आहे. तहाने लढाई थांबते. दुखावलेली मने जुळायला काय लागते, हे ख्रिस्ती धर्मशास्त्र सांगते.

२. पाया
करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (५:१८-२०) पौल मांडतो की, अपराध माणसाचा असूनही समेटासाठी देवच पुढे आला आणि तेच काम त्याने माणसांवर सोपवले. मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:२३-२४) येशू सांगतो की, आपल्यामुळे भाऊ दुखावला आहे हे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. म्हणजे पहिले पाऊल दुखावणाऱ्याने टाकायचे.

३. घटक
(अ) सत्यकथन: गोव्यात १५६० साली आलेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. धर्माच्या नावाने झालेला हा छळ ख्रिस्ती माणसानेच आधी बोलून दाखवला पाहिजे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांच्या अशा पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली.
(आ) भरपाई: जक्कय जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले (लूक १९). पश्चात्तापाची खूण कृतीत दिसते.
(इ) सहजीवन: इफिसकरांस पत्रात (२:१४) ख्रिस्त दोन समाजांमधली भिंत पाडतो. पूर्वीचे वैरी एकाच घरचे होतात.

४. आक्षेप
क्षमेने न्याय बुडतो का? पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. १९६० साली त्यांच्यापुढे चंबळच्या डाकूंनी शस्त्रे ठेवली, तरी पुढे खटले चाललेच. क्षमेने सूड संपतो. केलेल्या कर्माचा जाब द्यावाच लागतो.

५. निष्कर्ष
जिच्या हाती सत्ता होती, त्या बाजूने आधी बोलावे. जिच्या हाती आज संख्याबळ आहे, तिने आधी अभय द्यावे. कालच्या राज्यकर्त्यांचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडून वसूल करणे हा अन्यायच आहे. गावकीत, शाळेत, बाजारात हे दोन्ही नियम पाळले गेले, तरच समेट झाला असे म्हणता येईल.